रंग वाळेपर्यंत केलेल्या व्याख्या

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. ते आपोआप साठत जातात, आणि जिथे माणसांना नुसतं बसून राहायचं काम असतं तिथे जरा जास्तच साठतात. आमच्या लॅबमध्ये तर त्यांचा ढीग झाला होता. आता त्यातला एक सांगायला घेतला की दुसरा मागून 'माझं काय' म्हणत उभा राहतो.

ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. तुर्भ्याला, ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून आमची रंगाची फॅक्टरी होती. बाहेर ट्रकांची धूळ, आत थिनरचा वास, आणि वारा फिरला की खाडीचा वास. मी तिथल्या क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये केमिस्ट होते. काम म्हणाल तर प्रत्येक बॅचचा रंग पत्र्याच्या पट्टीवर मारायचा आणि तो वाळायची वाट बघायची. वाळला की बोट लावून बघायचं, ओरखडा काढायचा, चमक तपासायची. पण वाळेपर्यंत काय करायचं? रंगाला घाई करता येत नाही. पट्टी पंख्याखाली धरली की साहेब ओरडायचे. मग आम्ही गप्पा मारायचो. त्या गप्पांतून आमचा एक खेळ निघाला: माणसाच्या पहिल्या नावाची व्याख्या करायची.

याला कारण आमचे मुकुंदसाहेब. साहेब हाडाचे मास्तर. लॅबमध्ये आले की समोर दिसेल त्याला विचारायचे, "थिनर म्हणजे काय? व्याख्या सांग." आणि व्याख्या नेमकी हवी. 'रंगात घालतात ते' म्हटलेलं चालायचं नाही. एकदा त्यांनी बाळारामला पकडायचं ठरवलं. बाळाराम नावड्याचा, आगरी, आमच्याकडे पट्ट्या घासायचं आणि रंगवायचं काम करायचा. हात असा सफाईदार की त्याच्या पट्टीवर ब्रशची एक रेघ दिसायची नाही. फक्त तो सापडायचा नाही. कधी स्टोअरमध्ये, कधी गेटवर, कधी कँटीनच्या मागे मासळीवाल्याशी भाव करताना.

त्या दिवशीही तो नव्हता. त्याचा डबा मात्र टेबलावर होता. साहेबांनी डब्याकडे बघून विचारलं, "बाळाराम म्हणजे काय?" त्यांना विचारायचं होतं 'बाळाराम कुठे आहे', पण व्याख्येची सवय इतकी, की तोंडातून तसंच बाहेर पडलं. आमचा गौतम शांतपणे म्हणाला, "बाळाराम म्हणजे ज्याचा डबा कायम जागेवर असतो असा माणूस."

साहेब हसले आणि निघून गेले. बाळाराम आल्यावर आम्ही त्याला व्याख्या ऐकवली. वाटलं, चिडेल. तो डबा उघडत म्हणाला, "बराबर हाय. डबा जाग्याव असला म्हंजी मी येनारच ना."

* * *

एका व्याख्येवर थांबला तर तो खेळ कसला. हळूहळू नियम झाले. पट्टी रंगवली की व्याख्या सुरू, आणि बोटाला रंग लागेनासा झाला की बंद. तेवढ्यात जमली तर ठीक, नाहीतर पुढच्या बॅचला. ज्याची व्याख्या करायची तो समोर हजर पाहिजे. आणि त्याने स्वतः 'लागू' म्हटल्याशिवाय व्याख्या पक्की नाही.

शेवटचा नियम गौतमने घातला. गौतम मराठवाड्यातला, परभणीकडचा. रंगाची शेड जुळवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. एकदा कँटीनमधला एक जण आमच्यात येऊन कुणाच्या तरी आडनावावरून काहीतरी जोडायला लागला. गौतम तेव्हा पट्टी उजेडात धरून बघत होता. बघता बघताच म्हणाला, "पहिल्या नावापर्यंत या. त्याच्या पुढं यायचं नाही. आडनाव ऐकून लोक आमची व्याख्या आधीच करून मोकळे होतात."

मग बाळाराम म्हणाला, "बराबर हाय." तेव्हापासून आमच्या लॅबमध्ये कुणाच्या आडनावाला हात लागला नाही. मला तर खरंच आज काही जणांची आडनावं आठवत नाहीत.

गौतमची स्वतःची व्याख्या मात्र त्याच्या डोळ्यांनी ओढवून घेतली. साहेबांनी वाशीला नवा फ्लॅट घेतला होता. वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो. साहेब आणि वहिनी एकेक खोली दाखवत होते. आमच्याच फॅक्टरीचा पांढरा रंग, साहेबांनी स्वतः उभं राहून लावून घेतलेला. सगळे 'वा वा' करत होते. गौतम हॉलच्या मधोमध उभा राहिला, एकदा या भिंतीकडे, एकदा त्या भिंतीकडे बघितलं, आणि अगदी प्रेमाने म्हणाला, "साहेब, ही जरा पिवळी आहे."

वहिनींचा चेहरा पडला. साहेबांनी भिंतीला नाक लावलं. वास्तुशांत संपेपर्यंत घरातली माणसं आळीपाळीने त्या भिंतीसमोर उभी राहून मान वाकडी करत होती. गुरुजीसुद्धा एकदा बघून गेले.

दुसऱ्या दिवशी पट्टी वाळायच्या आत व्याख्या तयार: "गौतम म्हणजे असा पाहुणा, जो गेल्यावर घर पुन्हा रंगवावं लागतं." गौतमने जरा विचार केला आणि म्हणाला, "लागू. पण ती पिवळी होती."

* * *

साहेबांची व्याख्या करायची कुणाची छाती नव्हती. पण भिंतींना कान असतात तसे लॅबच्या पार्टिशनलाही होते. एक दिवस साहेब बाहेर आले आणि म्हणाले, "सगळ्यांची झाली. माझी?"

सगळे पट्टीकडे बघायला लागले. रंग वाळत नव्हता. पावसाळी हवेत तो वाळतही नाही लवकर. साहेब खुर्ची ओढून बसलेच. आता सुटका नाही म्हटल्यावर मीच धीर केला. म्हटलं, "मुकुंद म्हणजे, काम झाल्यानंतर ते कसं करायला हवं होतं हे सांगणारी व्यक्ती."

बाळाराम त्याच क्षणी गायब झाला. गौतम शेड-कार्डात तोंड घालून बसला. माझं तर नोकरीतलं कन्फर्मेशन साहेबांच्याच सहीने व्हायचं होतं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"'व्यक्ती' नको," ते म्हणाले. "'अधिकारी' म्हण. व्याख्या नेमकी पाहिजे. बाकी लागू."

* * *

आता माझी व्याख्या. ही सांगताना मला आजही हसू येतं आणि थोडं खुपतंही.

माझं नाव विजया. लग्नात सासरच्यांनी ते बदलून मीनल केलं. तेव्हाची रीतच होती. लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं, गुरुजींनी मोठ्याने वाचायचं, सगळ्यांना साखर वाटायची. साखर तोंडात विरघळेपर्यंत मुलीचं जुनं नाव गेलेलं असायचं. माझं नाव गेलं ते घरापुरतं. सर्टिफिकेटांवर विजया, म्हणून फॅक्टरीत विजया.

एकदा माझ्या नवऱ्याला काही निरोप द्यायचा होता. त्याने फॅक्टरीत फोन लावला आणि सवयीने मीनलला बोलवा म्हणाला. ऑपरेटर म्हणाली, अशी कुणी नाही. तो म्हणाला, आहे, लॅबमध्ये आहे. तिने फोन लॅबला जोडला. तो नेमका बाळारामने उचलला, म्हणजे बघा, त्या दिवशी तो जागेवर होता! मी बाजूलाच उभी होते, पण मला काय माहीत फोन माझा आहे ते.

बाळाराम म्हणाला, मीनल नावाचं इथं कोन नाय, एक बाई हाय पन ती विजया हाय. पलीकडून नवरा म्हणाला असावा की तीच ती, माझी बायको. बाळारामने फोन कानाला तसाच धरून माझ्याकडे बघितलं. मी हात पुढे केला, पण त्याआधीच त्याने फोनमध्ये विचारलं, "मंग चांगलं नाव होतं तिचं, त्ये कशाला बदललाव?"

मग फोन बंद. निरोप राहिला तो राहिलाच. संध्याकाळी घरी गेले तर नवरा चहाचा कप हातात घेऊन बसला होता. निरोपाचं काही बोलला नाही. म्हणाला, "तुमच्याकडे फोन उचलतो तो कोण माणूस आहे गं?"

माझी व्याख्या गौतमने केली: "विजया म्हणजे जी घरी शोधली तर सापडत नाही, कारण घरी मीनल असते." मी 'लागू' म्हटलं. सगळ्यांबरोबर हसले. पण त्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसून घरी जाताना मला माझ्या नावाची फार आठवण आली. माणसाला स्वतःच्याच नावाची आठवण यावी, ही गोष्ट कुणाला सांगण्यासारखी नव्हती. मी सांगितलीही नाही.

* * *

आणि मग आमचा सदानंद.

सदानंद लॅबमधला सगळ्यात गुणी मुलगा. मूळचा रत्नागिरीकडचा, आई-वडिलांबरोबर वाशीला राहायचा. कामात चोख, बोलायला गोड, आणि एकच दोष. त्याला 'नाही' म्हणता येत नसे. कुणी काही मागितलं की तो आधी 'हो' म्हणायचा आणि मग ते कसं जमवायचं त्याचा विचार करायचा. आणि गंमत म्हणजे जमवायचा!

एका रविवारी त्याने तिघांना 'हो' म्हटलं होतं. गौतम पनवेलची भाड्याची खोली सोडून दिघ्याला घर करणार होता, त्याला सामान हलवायला मदत. बाळारामच्या नावड्याच्या जत्रेला जेवायला. आणि माझ्या सासूबाई गावाहून एसटीने पनवेलला उतरणार होत्या, माझी ड्यूटी होती, नवरा फिरतीवर, तर त्यांना वाशीला घरी पोचवायचं. तिघांपैकी कुणालाच दुसऱ्या दोघांचं माहीत नव्हतं.

मी संध्याकाळी घरी आले तर कुलूप. सासूबाईंचा पत्ता नाही. अंधार पडायला आला. शेजारच्यांना घेऊन स्टँडवर जायला निघणार, एवढ्यात सोसायटीच्या दारात एक टेम्पो थांबला. ड्रायव्हरशेजारून सासूबाई उतरल्या. केसात अबोलीचा गजरा, हातात जत्रेतलं खेळणं, चेहऱ्यावर तेज.

सदानंदने त्यांना स्टँडवरून उचललं होतं, गौतमच्या संसाराबरोबर टेम्पोत बसवलं होतं, वाटेत नावड्याला जत्रेत नेलं होतं. तिथे बाळारामच्या आईने त्यांना आग्रह करकरून बोंबलाचं कालवण वाढलं होतं. तिथून सगळे दिघ्याला. गौतमची बायको दिवस भरत आलेली, तिला वाकता येईना. सासूबाईंनी पदर खोचला, भांडी लावली, आणि नव्या घरात पहिलं दूध त्यांच्याच हातून उतू गेलं. माझ्या सासूबाई! ज्या आमच्या घरी पाणी कुणाच्या हातचं घ्यायचं याचाही विचार करायच्या. मी घाबरत घाबरत विचारलं, त्रास नाही ना झाला? तर म्हणाल्या, "तुझ्या ऑफिसातली माणसं बरी आहेत. तू कधी बोलली नाहीस."

सोमवारी व्याख्या झाली: "सदानंद म्हणजे तीन ठिकाणी 'हो' म्हणून तिन्ही ठिकाणी तिघांनाही घेऊन येणारा." आम्ही विचारलं, लागू? तो म्हणाला, "हो." दुसरं काय म्हणणार!

* * *

अशा माणसाचं लग्न ठरायची वेळ आली तेव्हा आम्हाला काळजी वाटली, आणि ती खरी ठरली.

मुलगी जवळच्याच एका औषधाच्या फॅक्टरीत पॅकिंगला होती. स्थळ दोन्हीकडच्या मामांनी जुळवलेलं. पण मुलगी ठाम होती. म्हणाली, घरात चहा-पोहे नकोत, मला मुलगा जिथे काम करतो तिथे बघायचाय. तेव्हाच्या मानाने हे फारच होतं. साहेबांना मात्र ते एकदम पटलं. ते म्हणाले, सॅम्पल साइटवरच तपासावं. मग एका शनिवारी जेवणाच्या सुट्टीत ती आमच्या कँटीनमध्ये आली, आणि सोबतीला बाईमाणूस पाहिजे म्हणून मी, आणि मी आहे म्हणून गौतम, आणि त्या दिवशी बाळारामही जागेवर.

गौतमने तिला आमचा खेळ सांगितला. आमच्या सगळ्यांच्या व्याख्या ऐकवल्या. ती पोटभर हसली. मग नियम नीट समजून घेतले. व्याख्या पक्की कोण करतं, हे दोनदा विचारलं. ज्याची त्याने, असं गौतमने सांगितल्यावर ती सदानंदकडे वळली.

"मग माझी मीच सांगते," ती म्हणाली. "निर्मला म्हणजे जी लग्नानंतरही निर्मलाच राहणार. माझी आई मी लहान असताना गेली. तिने दिलेली एवढी एकच वस्तू माझ्याजवळ आहे. ती मी ताटात पुसू देणार नाही. हे चालणार असेल तर पुढे बोलू."

कँटीनच्या त्या टेबलावर मी तिच्याकडे बघत राहिले. मला हे सुचलं असतं का, आणि सुचलं असतं तरी बोलता आलं असतं का? सदानंदने तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "हो. तुझं नाव बदलणार नाही."

ती गेल्यावर आम्ही त्याची पाठ थोपटली. तो हळूच म्हणाला, "एक घोटाळा आहे. माझ्या आईचं नावसुद्धा निर्मला आहे."

* * *

घोटाळा एवढ्यावर थांबला नाही. सदानंदच्या आईला मी दोन-तीनदा भेटले होते. चांगल्या होत्या. सुनेला जाच करणाऱ्यातल्या अजिबात नव्हत्या. पण त्यांचं एकच म्हणणं होतं, एका घरात दोन निर्मला कशा? सुनेला हाक मारायची तर स्वतःलाच हाक मारल्यासारखं वाटणार. दारात पोस्टमन आला तर कोणी जायचं? त्यांनी सुनेसाठी वैदेही हे नाव काढूनही ठेवलं होतं. मी जरा तिची बाजू मांडून बघितली, तर मला म्हणाल्या, "अगं, आमचं नाही का बदललं? त्यात एवढं काय?" माझंही बदललंच होतं.

सदानंदच्या वडिलांचं मत विचारलं तर ते पेपर खाली न करता म्हणाले, "मला दोघींपैकी कुणालाच नावाने हाक मारायची नाहीये."

आणि सदानंद? आईने त्याला समोर बसवून स्पष्ट विचारलं होतं: ताटात नवं नाव लिहिशील ना? घरात एकच निर्मला राहील ना? आमच्या या बहाद्दराने दोन्ही प्रश्नांना 'हो' म्हटलं होतं.

गौतम त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्यावर चिडला. म्हणाला, जत्रा आणि टेम्पो वेगळा, हे वेगळं. त्या मुलीने एकच गोष्ट मागितलीय, आणि एकतर तू तिला फसवशील नाहीतर आईला. सदानंद मान खाली घालून पट्टीवर ब्रश ओढत राहिला. बाळारामने सुचवलं की ताट ऐन वेळी आपन पळवू, ती जबाबदारी माजी, मी नायतरी जाग्याव नसतोच. साहेबांना कुणकुण लागली तेव्हा त्यांनी गंभीरपणे विचार करून तोडगा काढला. "दोघींना बॅच नंबर द्या. निर्मला ए, निर्मला बी. आपल्याकडे सगळ्याच डब्यांवर तेच नाव असतं, कधी घोटाळा झालाय का?"

लग्नाच्या आधी एकदा निर्मला मला बसस्टॉपवर भेटली. तिला सासूबाईंच्या नावाचं कळलं होतं. म्हणाली, "ते म्हणालेत हो. त्यांच्या 'हो'वर विसंबून राहू ना?" आमची बस आली म्हणून बरं झालं.

* * *

लग्न वाशीलाच एका हॉलमध्ये झालं. लॅब त्या दिवशी जवळजवळ बंदच होती. अक्षता पडल्या, जेवणं झाली, साहेबांनी जिलेबीच्या रंगाबद्दल गौतमचं मत विचारलं. आणि मग लक्ष्मीपूजन. ताटात तांदूळ पसरले. निर्मला पाटावर बसली होती, तिची नजर ताटावरून हलत नव्हती. सदानंदची आई पलीकडे, हातात साखरेची वाटी घेऊन तयार. मी, गौतम आणि बाळाराम मागे उभे. बाळाराम खरंच ताटाकडे सरकायला लागला होता, मी त्याचा शर्ट धरून ठेवला.

गुरुजी म्हणाले, लिहा. सदानंदने अंगठी घेतली आणि सावकाश, पट्टीवर रंग ओढावा तशा सरळ हाताने, लिहिलं. गुरुजींनी वाकून वाचलं आणि मोठ्याने सांगितलं, "यमुना."

निर्मलाचा चेहरा उतरला. तिने डोळे मिटून घेतले. माझा संताप संताप झाला. वाटलं, सगळ्यांसमोर पुढे जाऊन याला विचारावं. गौतमने माझ्याआधीच पाऊल उचललं होतं. पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली, वैदेही ठरलं होतं ना, ही यमुना कुठून आली? गुरुजी नव्या नवरीला म्हणाले, "हं, आजपासून तुझं नाव यमुना."

"तिचं नाही," सदानंद म्हणाला. "तिचं नाव निर्मलाच आहे. आईला शब्द दिलाय, ताटात नवं नाव लिहीन आणि घरात एकच निर्मला राहील."

कुणाला काही कळेना. गुरुजींनी पोथी मिटली, परत उघडली. तेवढ्यात गर्दीतून सदानंदचे मामा वाट काढत पुढे आले. म्हातारे गृहस्थ, काठी टेकत ताटापाशी वाकले. एकेक अक्षर बघितलं. मग वर बघून बहिणीला म्हणाले, "यमे, अगं, तुझं नाव."

सदानंदची आई ताटाकडे बघत राहिल्या. त्यांच्या हातातली साखरेची वाटी तशीच होती. निर्मलाने डोळे उघडले होते आणि ती सासूकडे बघत होती. सदानंद पुरता घामाघूम झाला होता.

मग त्या उठल्या. पदर सावरला. चिमटीभर साखर घेऊन आधी सुनेच्या तोंडात घातली, मग मुलाच्या, मग भावाच्या, आणि वाटी घेऊन पाहुण्यांच्या रांगेत फिरायला लागल्या. जेवणघरात गुंतलेली त्यांची एक जाऊ आत्ताच बाहेर आली होती. तिच्या हातावर साखर पडली तशी तिने कौतुकाने विचारलं, "अगंबाई, नाव ठेवलं वाटतं! कुणाचं?"

"माझं," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या हातावर साखर ठेवली.